फॉल्टप्रणालीची सिम्युलेशनं आणि भूकंपधोक्याचा अंदाज: आकडे कुठून येतात, कुठे घसरतात

भ्रंशरेषा

भूकंपधोका मोजताना खरी अडचण नोंदींची आहे. यंत्रांवरच्या नोंदी जेमतेम सव्वाशे वर्षांच्या, आणि एकाच फॉल्टवर (भूकवचातली भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात) दोन मोठ्या भूकंपांमधलं अंतर शेकडो किंवा हजारो वर्षांचं. म्हणून गेली काही दशकं फॉल्टप्रणाली संगणकात उभी करून लाखो वर्षांच्या भूकंपांची कृत्रिम यादी, म्हणजे कॅटलॉग, काढायची पद्धत वाढली आहे. व्हर्च्युअल कॅलिफोर्निया, ऑलकॅल, व्हिस्कोसिम आणि आरएसक्यूसिम हे चार सिम्युलेटर २०१२ साली एकाच कॅलिफोर्निया फॉल्ट-नकाशावर चालवून त्यांची तुलना केली गेली होती. आज सर्वांत जास्त वापर आरएसक्यूसिमचा दिसतो, म्हणून चर्चा त्याच्याभोवती ठेवू.

गाभा असा. प्रत्येक फॉल्टचं प्रतल त्रिकोणी किंवा आयताकृती तुकड्यांत फोडायचं. एक तुकडा एक मीटर सरकला तर बाकीच्या प्रत्येक तुकड्यावर किती कातरताण (बाजूंना घसरवणारा) आणि किती लंबताण (बाजूंना एकमेकींवर दाबणारा) बदलतो, ते लवचीक अर्धावकाशाच्या, म्हणजे वर सपाट आणि खाली अमर्याद पसरलेल्या लवचीक जमिनीच्या, सूत्रांनी एकदाच काढून मॅट्रिक्समध्ये साठवायचं. आयतांसाठी ओकाडाची १९९२ची सूत्रं चालतात. मग प्रत्येक तुकड्याला त्याच्या दीर्घकालीन सरकवेगाप्रमाणे ताण देत राहायचं. घर्षण रेट-अँड-स्टेट नियमाने चालतं, म्हणजे ते सरकण्याच्या वेगावर आणि संपर्काच्या आधीच्या इतिहासावर ठरतं. तुकडा तीनपैकी एका अवस्थेत असतो: अडकलेला, सुटायच्या बेतात असलेला, किंवा सरकणारा. अवस्था कधी बदलेल ते सूत्रानेच निघतं, त्यामुळे ठरावीक कालपायरी लागत नाही आणि शांत शतकं क्षणात पार होतात. सरकणाऱ्या तुकड्याचा वेग स्थिर धरतात: दोन गुणिले कातरलहरींचा वेग गुणिले ताणातली घट, भागिले दृढता. ३.३ किमी/सेकंद, ५ मेगापास्कल आणि ३० गिगापास्कल घातले तर सुमारे १ मीटर प्रतिसेकंद येतो. खऱ्या भूकंपांतही साधारण एवढाच असतो.

द्यायचं ते एवढंच: फॉल्टची भूमिती, सरकवेग, सरकण्याची दिशा, भूकंपजन्य थराची खोली आणि घर्षणाचे मोजके आकडे. भूकंप किती वर्षांनी आणि किती मोठा, हे मात्र आत घालायचं नाही, ते बाहेर पडायला हवं. सारी मेख इथेच आहे. कुठले आकडे कशाने बिघडतात यावर अनुभवींनी लिहावं.

स्तंभ

इमारतींच्या बाजूने विचारतो. आम्हाला लागतो ५० वर्षांत १० टक्के किंवा २ टक्के शक्यतेचा धक्का, म्हणजे ४७५ आणि २४७५ वर्षांचा पुनरावृत्तिकाल. तो नेहमीच्या संभाव्यता पद्धतीने मिळतोच. मग सिम्युलेटरचा खटाटोप कशाला?

भ्रंशरेषा

नेहमीच्या पद्धतीत कुठला फॉल्ट कुठपर्यंत एकत्र फुटेल हे माणसाने ठरवलेलं असतं, म्हणून. जुन्या मॉडेलांत फॉल्टचे विभाग पाडून 'हा विभाग एकटा फुटतो' असं गृहीत धरत. १९९२चा लँडर्स, २०१०चा एल मायोर-कुकापा आणि २०१६चा कायकौरा या भूकंपांनी ते गृहीतक मोडीत काढलं. कायकौरात, मॅग्निट्यूड ७.८, किमान १२ फॉल्ट फुटले आणि त्यांतल्या काहींमधली दरी १५ किमीपर्यंत होती. यूसर्फ-३ या कॅलिफोर्नियाच्या भूकंप-अंदाज मॉडेलने विभागांची सक्ती काढली आणि अडीच लाखांहून जास्त संभाव्य फुटी घेऊन प्रत्येकीचा दर व्यस्त गणिताने, म्हणजे निरीक्षणांवरून उलटं जाऊन, काढला. पण तिथेही 'दोन फॉल्टमध्ये ५ किमीपेक्षा जास्त अंतर असेल तर उडी नाही' असा नियम हाताने घातलेला आहे. सिम्युलेटरमध्ये उडी पडायची की नाही हे ताणच ठरवतो.

दुसरा फायदा सहसंबंधाचा. एक फॉल्ट फुटल्यावर शेजारचा लवकर फुटतो की लांबणीवर पडतो, हे कॅटलॉगमधून थेट मोजता येतं. एका इमारतीला याने फारसा फरक पडत नाही. पण रस्ते, जलवाहिन्या किंवा विम्याचा मोठा पसारा एकत्र तपासायचा असेल तर बराच पडतो.

अपूर्णांक

फॉल्टचे तुकडे पाडणाऱ्या जाळीबद्दल लिहितो, कारण नवीन माणूस पहिल्यांदा तिथेच अडकतो.

१ चौ. किमीचे तुकडे घेतले तर ३३०० किमी लांब आणि १५ किमी खोल फॉल्टजाळ्याला सुमारे ५०,००० तुकडे लागतात. मॅट्रिक्समध्ये अडीच अब्ज आकडे, दुहेरी अचूकतेत २० जीबी. कातरताणाचं एक आणि लंबताणाचं एक मिळून ४०. तुकड्याची बाजू निम्मी केली की तुकडे चौपट, स्मृती सोळापट, म्हणजे ६४० जीबी. एकेरी अचूकता घेतली तर निम्म्यात भागतं आणि निकालात फारसा फरक दिसत नाही. लांबच्या तुकड्यांचे गट करून दाबलेलं मॅट्रिक्स वापरलं तर आणखी खाली येतं, पण दाबण्याची चूक-मर्यादा सैल ठेवू नका. लांबचे ताण छोटे असले तरी हजारो वर्षं साचतात.

आता जाळीने लादलेला सर्वांत लहान भूकंप. ढोबळ नियम: मॅग्निट्यूड म्हणजे चौ. किमीतल्या क्षेत्रफळाचा दशमान लॉग अधिक ४. एक तुकडा म्हणजे मॅग्निट्यूड ४. पण एका तुकड्याचा भूकंप हा भूकंप नव्हे, तो जाळीने निर्माण केलेला आभास. निदान तीसेक तुकडे फुटले तर आकार आणि सरकण यांच्या नात्याला अर्थ येतो, म्हणजे ५.५च्या आसपास. त्याखालचं सगळं कॅटलॉगमधून काढून टाका. बी-व्हॅल्यू (मोठ्यांच्या तुलनेत लहान भूकंप किती, ते सांगणारा आकडा) काढताना लोक हे सर्रास विसरतात आणि मग ४ ते ५.५ मधला फुगवटा बघून त्यावर सिद्धान्त मांडतात.

रेट-अँड-स्टेटच्या दृष्टीने पाहिलं तर १ किमी ही जाळी भयानक जाड आहे. फुटीच्या टोकाची लांबी म्हणजे दृढता गुणिले सरक-अंतर डीसी, भागिले बी गुणिले लंबताण. (डीसी, ए आणि बी हे घर्षणनियमातले आकडे; डीसी म्हणजे घर्षण बदलायला लागणारी सरकण.) प्रयोगशाळेतला डीसी १० मायक्रॉन, बी ०.०१५, लंबताण १०० मेगापास्कल घेतले तर उत्तर येतं २० सेंटिमीटर. डीसी १ सेंटिमीटर केला तरी २०० मीटरच. म्हणजे हे सिम्युलेटर फूट कशी सुरू होते ते सोडवत नाहीत, तुकडा हाच त्यांचा अणू. म्हणून डीसीच्या नेमक्या आकड्यावर रात्र घालवू नका. फूट सुरू होण्याचं बारीक गणित पाहायचं असेल तर एससीईसी या कॅलिफोर्नियातल्या भूकंपसंशोधन केंद्राच्या एसईएएस या संगणकी मॉडेलांच्या तुलनेतले बीपी१ आणि बीपी२ हे नमुना-प्रश्न घ्या. तिथे एकच फॉल्ट, द्विमितीत, पण जाळी पुरेशी बारीक. बीपी२मध्ये जाळी जाड केली की लहान भूकंप कसे बदलतात ते सरळ दिसतं.

ताणतणाव

ताण कसा द्यायचा यावर कुणी बोललं नाही, आणि माझ्या मते निम्मी दुखणी तिथली आहेत.

प्रचलित पद्धत बॅकस्लिप. प्लेटा ओढायच्या नाहीत. प्रत्येक तुकडा दीर्घकालीन वेगाने उलटा सरकतोय असं समजून जो ताणवेग येईल तो द्यायचा. लाखो वर्षांनंतर प्रत्येक तुकड्याची एकूण सरकण दिलेल्या वेगाशी जुळते आणि वळणांवर ताण बेसुमार साचत नाही. दूरवरून ओढायला गेलात तर वाकड्या फॉल्टवर लंबताण कुठे शून्याखाली जातो, कुठे आभाळाला भिडतो.

पण बॅकस्लिपमध्ये फॉल्टच्या तळाशी सरकवेग एकदम पूर्णावरून शून्यावर येतो. त्या कडेला ताणवेग प्रचंड वाढतो आणि भूकंपांची केंद्रं सगळी तळाच्या ओळीत किंवा फॉल्टच्या टोकांवर गोळा होतात. खोलीचा आलेख काढा, पाच मिनिटांत कळतं. उपाय: शेवटच्या काही किलोमीटरमध्ये वेग हळूहळू उतरवा, किंवा ताणवेगच गुळगुळीत करून द्या. २०१९पासून संकरित भार देण्याची पद्धत आली आहे, ती याचसाठी.

सिम्युलेशन सुरू करण्याआधी प्रत्येक तुकड्याचा ताणवेग छापून ऋण चिन्ह शोधा. दोन फॉल्ट एकमेकांना छेदतात तिथे किंवा नकाशातला सरकण्याचा कोन चुकलेला असतो तिथे काही तुकड्यांना उलटा ताण मिळतो. ते तुकडे कधीच फुटत नाहीत आणि फुटीला आडवे येतात. मग 'इथे फूट थांबते' असा शोध लागतो, जो खरं तर डिजिटायझेशनचा दोष असतो.

आणि सुरुवातीचा काळ फेकायचा. आरंभीचा ताण मनाने घातलेला असतो. किती फेकायचं, तर सर्वांत मंद महत्त्वाच्या फॉल्टची निदान पाच-सहा आवर्तनं होईपर्यंत. वर्षाला ०.५ मिलिमीटर सरकणारा फॉल्ट एका भूकंपात दोन मीटर सरकत असेल तर एक आवर्तन ४००० वर्षांचं. हिशेब करा.

चर_खोदक

पुराभूकंपांच्या, म्हणजे चर खोदून गाळाच्या थरांत सापडणाऱ्या जुन्या भूकंपांच्या, बाजूने तपासणी कशी करायची ते सांगतो.

पहिली चाचणी मध्यम काळाची नसून अनियमिततेची असावी. मध्यम काळ तर सरकवेगातूनच येतो, तो जुळला यात नवल काय! पुनरावृत्तिकालाचं प्रमाण विचलन भागिले सरासरी हा आकडा पाहा. न्यूझीलंडच्या अल्पाइन फॉल्टवर होकुरी क्रीकच्या गाळात ८००० वर्षांत २४ भूकंप सापडले, सरासरी सुमारे ३३० वर्षं, अनियमितता ०.३३. कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड फॉल्टवर १२ भूकंप, सरासरी सुमारे १६० वर्षं, अनियमितता ०.४च्या आसपास. सपाट फॉल्ट आणि सगळीकडे सारखं घर्षण घेतलं की सिम्युलेटर ०.१ ते ०.२ देतो, म्हणजे घड्याळासारखा. कॅलिफोर्नियातल्याच पार्कफील्डला असाच नियमितपणा धरून १९९३च्या आत भूकंप येईल असं म्हटलं होतं. आला २८ सप्टेंबर २००४ला.

नियमितपणा मोडायला पृष्ठभागाचा खडबडीतपणा घाला, लंबताण जागोजागी बदला, शेजारचे फॉल्ट घ्या. यादृच्छिक गोंगाट घालून आकडा जुळवू नका. तो जुळेल, पण मग तो निकाल राहत नाही.

दुसरं. चरात सगळे भूकंप दिसत नाहीत. पृष्ठभागावरची सरकण अगदी थोडी असेल तर थर तुटल्याचं ओळखू येत नाही, आणि दोन भूकंप काही दशकांच्या अंतराने झाले तर ते एकच वाटू शकतात. म्हणून सिम्युलेटरच्या कॅटलॉगलाही तीच चाळणी लावा: चराच्या जागी, पृष्ठभागावरच्या तुकड्यात, समजा अर्धा मीटरपेक्षा जास्त सरकण झालेलेच भूकंप मोजा. उंबरठा बदलून पाहा. अर्ध्याचा एक मीटर केल्यावर सरासरी काळ दुप्पट होत असेल तर त्या ठिकाणची तुलना फार ताणू नये.

ताणतणाव

आता थोडा विरोधी सूर. २०१८ साली आरएसक्यूसिमचा कॅलिफोर्निया कॅटलॉग आणि यूसर्फ-३ यांचे धोक्याचे नकाशे खूप जुळले, म्हणून भौतिकशास्त्र जिंकलं असं बोललं गेलं. पण दोन्हींत फॉल्टचा नकाशा तोच, सरकवेग तेच! दरवर्षी साचणारा मोमेंट (क्षेत्रफळ गुणिले सरकण गुणिले दृढता) सारखाच असेल तर बेरीज जुळणारच.

जिथे जुळवाजुळव होते ती जागा बघा. समजा फॉल्ट १०० किमी लांब, १५ किमी खोल, सरकवेग वर्षाला २० मिलिमीटर. दृढता ३० गिगापास्कल. आकारमानाच्या (क्षेत्रफळावरून मॅग्निट्यूड सांगणाऱ्या) एका नात्याने पूर्ण फुटीचा मॅग्निट्यूड ७.२ येतो, म्हणजे सरासरी सरकण १.७६ मीटर, आवर्तन ८८ वर्षं. दुसऱ्या, तितक्याच मान्य नात्याने ७.४ येतो: सरकण ३.५ मीटर, आवर्तन १७६ वर्षं. ०.२ मॅग्निट्यूडने काळ दुप्पट. सिम्युलेटरमध्ये हे ताणघटीतून ठरतं, आणि ताणघट साधारण लंबताण गुणिले बी वजा ए गुणिले भूकंपातला आणि शांत काळातला सरकवेग यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग. १०० मेगापास्कल, ०.००५ आणि लॉग सुमारे २१ घेतला तर १० मेगापास्कल. बी वजा ए ०.००३ केला तर ६. खऱ्या भूकंपांची ताणघट बहुतेक १ ते १० मध्ये असते. म्हणजे हा आकडा प्रयोगशाळेतून आला असं म्हणायचं, पण प्रत्यक्षात आकारमानाच्या नात्याशी जुळेपर्यंत तो फिरवलेला असतो.

भ्रंशरेषा

मोमेंटची बेरीज जुळणारच, हे मान्य. पण तोच मोमेंट लहान-मोठ्या भूकंपांत वाटायचे असंख्य मार्ग आहेत. यूसर्फ-३ने ती वाटणी हजारो अटी घालून केली, इथे ती घर्षणाच्या मोजक्या आकड्यांतून झाली. तरी धोका जुळला, याला काहीतरी वजन आहे. स्वतंत्र पुरावा मात्र म्हणू नये, इतकंच.

तुमच्या उदाहरणात अजून एक गंमत दडली आहे. आवर्तन दुप्पट झालं म्हणून धोका निम्मा होत नाही. फॉल्टजवळ छोट्या आवर्तकाळाची (एका कंपनाला लागणारा वेळ) हालचाल ७च्या पुढे जवळपास संपृक्त होते. ७.४चा धक्का ७.२पेक्षा थोडाच मोठा, पण येतो निम्म्या वेळा. म्हणून ०.२ सेकंदाला ७.२वालं मॉडेल जास्त धोका दाखवतं. ३ सेकंदांच्या उंच इमारतीला ७.४चा धक्का बराच मोठा, तिथे तफावत मिटत जाते. कुठलं नातं सुरक्षित बाजूचं, हे इमारतीच्या आवर्तकाळावर ठरतं. दोन्ही चालवून पाहणं हाच मार्ग.

माझं मत विचाराल तर सिम्युलेटरचे निरपेक्ष दर फार गंभीरपणे घेऊ नयेत. गुणोत्तरं आणि सहसंबंध घ्यावेत: एकत्र फुटी किती टक्के, शेजारच्या फॉल्टचा परिणाम किती.

स्तंभ

कॅटलॉगमधून जमिनीच्या हालचालीपर्यंत कसं जायचं? आणि कॅटलॉग किती लांब लागतो?

अपूर्णांक

दोन वाटा. सोपी: प्रत्येक भूकंपाचा मॅग्निट्यूड आणि तुमच्या जागेपासून फुटीचं अंतर घ्या, एनजीए-वेस्ट२ सारख्या, त्यांवरून धक्का सांगणाऱ्या समीकरणात घाला, धक्का ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असण्याची शक्यता काढा. सगळ्या भूकंपांची बेरीज भागिले कॅटलॉगची वर्षं म्हणजे वार्षिक दर. त्यातून ५० वर्षांची शक्यता: एक वजा ई चा उणे दर-गुणिले-५० घात. अंतर मोजताना फुटलेल्या तुकड्यांपासूनच मोजा, पूर्ण फॉल्टपासून नव्हे. आणि मुख्य फुटीपासून दूर एकटे-दुकटे सरकलेले तुकडे वगळा, नाहीतर अंतर उगाच कमी येतं.

कठीण वाट सायबरशेक या लहर-गणनेच्या प्रकल्पाची. सिम्युलेटरने दिलेली सरकण, तुकड्यागणिक आणि क्षणागणिक, त्रिमितीय भूरचनेत लहरी म्हणून सोडायची. प्रत्येक भूकंपाची वेगळी लहर-गणना परवडत नाही, म्हणून व्युत्क्रमाचा नियम वापरतात: स्रोत तुमच्या इमारतीच्या ठिकाणी आहे असं धरून एकदा गणना, मग सगळे भूकंप त्यावरून. इथे १ किमीची जाळी पुन्हा आडवी येते. फूट २.५ किमी/सेकंदाने एक तुकडा ०.४ सेकंदात पार करते, त्यामुळे १ हर्ट्झच्या वरचं जे काही दिसेल त्यात जाळीचाच ठसा जास्त. तिथे यादृच्छिक पद्धतीने वरचा भाग जोडावा लागतो. ठेंगण्या, ताठ इमारतींसाठी हा उपद्व्याप करू नका.

लांबी: २४७५ वर्षांचा धक्का १० टक्के अचूकतेने हवा आणि थेट मोजायचा असेल तर निदान १०० वेळा तो ओलांडला जायला हवा, म्हणजे अडीच लाख वर्षं. पहिल्या वाटेने गेलात तर प्रत्येक भूकंप पूर्ण शक्यता-वक्र देतो, त्यामुळे बऱ्याच कमी वर्षांत भागतं. पण भूकंप गुच्छांनी येतात. १०० भूकंप म्हणजे १०० स्वतंत्र नमुने नव्हेत. कॅटलॉगचे दहा भाग करून प्रत्येकाचा वक्र वेगळा काढा, फैलाव डोळ्यांनी दिसेल.

नवखा_७

सध्या कुठल्या फॉल्टवर किती वर्षं उलटली हे माहीत आहे. मग सिम्युलेटरला आजची स्थिती देऊन पुढची ३० वर्षं चालवता येत नाहीत का?

चर_खोदक

आजचा ताण कुणालाच मोजता येत नाही, म्हणून ती देता येत नाही. त्याऐवजी कॅटलॉगमधले असे क्षण शोधतात जिथे फॉल्टांची घड्याळं आजच्यासारखी आहेत, आणि त्यापुढची ३० वर्षं मोजतात. हेवर्ड शेवटचा १८६८ला फुटला, तर तिथे १५०च्या वर वर्षं उलटलेले क्षण निवडायचे. एका फॉल्टला हे छान चालतं. पण समजा एका फॉल्टची अट जुळण्याची शक्यता १० टक्के आहे आणि पाच फॉल्ट एकदम जुळवायचे आहेत. दहा लाख वर्षांच्या कॅटलॉगमध्ये जेमतेम दहा वर्षं हाती लागतात. अटी सैल कराव्या लागतात, आणि किती सैल केल्या हे उत्तरासोबत लिहावं लागतं.

याच पद्धतीने एक चांगली चाचणी होते. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास, सॅन जॅसिंटो आणि हेवर्ड या तिन्हींच्या चर-स्थळांवर १९१८नंतरच्या शंभर वर्षांत जमीन फाडणारा भूकंप झालेला नाही. तुमच्या कॅटलॉगमध्ये अशी शंभर वर्षांची शांतता किती वेळा येते ते मोजा. जवळपास कधीच येत नसेल तर मॉडेलमधले फॉल्ट एकमेकांपासून गरजेपेक्षा स्वतंत्र वागताहेत.

ताणतणाव

सरपटणाऱ्या फॉल्टांचंही सांगून ठेवतो. हेवर्डचा दीर्घकालीन वेग वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर आणि पृष्ठभागावर सुमारे ५ मिलिमीटर तो शांतपणे सरपटतो. हे मॉडेलमध्ये घालायचे दोन मार्ग: फुटणारं क्षेत्रफळ कमी करा किंवा सरकवेग कमी करा. पहिल्याने भूकंप लहान होतात, दुसऱ्याने विरळ होतात. एकूण मोमेंट दोन्हींत सारखाच येतो, धोका येत नाही. सरपट उथळ भागातच असेल तर क्षेत्रफळ कमी करणं योग्य, खोलवर असेल तर वेग. दोन्ही एकदम लावू नका, सरपट दोनदा वजा होते.

स्तंभ

शेवटची शंका. जे फॉल्ट नकाशावरच नाहीत त्यांचं काय?

भ्रंशरेषा

सिम्युलेटरला ते माहीत नाहीत. १९९४चा नॉर्थरिज, मॅग्निट्यूड ६.७, जमिनीखाली लपलेल्या अनोळखी फॉल्टवर झाला. २०१०चा डारफील्ड, ७.१, ग्रीनडेल फॉल्टवर, जो त्याआधी कुणाला ठाऊक नव्हता. म्हणून सिम्युलेटरच्या कॅटलॉगमध्ये पार्श्वभूमीची भूकंपीयता (ओळखीच्या फॉल्टांबाहेरचे भूकंप) नकाशावरच्या जाळीच्या चौकटींवर वेगळी टाकावी लागते, नोंदलेल्या भूकंपांच्या घनतेवरून.

इथे दुहेरी मोजणी टाळायला हवी. नोंदींतले बरेच भूकंप ओळखीच्या फॉल्टवरचेच असतात. फॉल्टच्या आजूबाजूची काही किलोमीटरची पट्टी धरा. त्या पट्टीत सिम्युलेटरच्या भरवशाच्या उंबरठ्यावर, म्हणजे अपूर्णांक म्हणतात त्या ५.५च्या वर, पार्श्वभूमी शून्य करा आणि त्याखाली तशीच ठेवा. पट्टीबाहेर सगळे मॅग्निट्यूड ठेवा, वरची मर्यादा ७च्या खाली आणू नका. डारफील्ड डोळ्यांसमोर आहे. मग एकूण वार्षिक दर नोंदींशी ताडून पाहा: ५.५ ते ६.५ मध्ये खड्डा दिसला तर पट्टी जास्त रुंद झाली आहे, फुगवटा दिसला तर अरुंद.

जिथे फॉल्टचे सरकवेग वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या खाली आहेत आणि नकाशा अर्धवट आहे, तिथे जवळपास सगळा धोका या पार्श्वभूमीतूनच येतो. तिथे सिम्युलेटर चालवण्यात वेळ घालवू नये.

अपूर्णांक

+१. आणि पार्श्वभूमीचा वाटा वेगळ्या वक्रात काढून ठेवा. एकत्र केल्यावर कुठला भाग भौतिकशास्त्रातून आला आणि कुठला नोंदींतून, ते नंतर सुटं करता येत नाही.